सुगतच्या नावाचा मेसेज

आमच्या घरी सकाळ व्हायची ती बाबांच्या शिलाई मशीनच्या आवाजानं. बाभुळगावच्या बस स्टँडमागं आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत बाबा शाळेचे गणवेश शिवत, मागच्या खोलीत आम्ही चौघं राहत असू. मधे फक्त एक पडदा, तोही गणवेशाच्याच उरलेल्या निळ्या कापडाचा. माय शाळेतली खिचडी शिजवायला जायची, त्यामुळे तिच्या पदराला फोडणीचा आणि धुराचा वास कायम असायचा. आणि खाटेवर, पायावर गरम पाण्याची पिशवी घेऊन, माझा धाकटा भाऊ सुगत पडलेला असायचा. क्रिकेटच्या सामन्याचं हिंदी समालोचन त्याला तोंडपाठ होतं. माय भाकरी थापायला बसली की तो खाटेवरूनच सुरू व्हायचा, की आता गोलंदाज परातीच्या टोकाकडून धावत येत आहे, आता चेंडू तव्यावर, आणि भाकर फुगली की टाळ्यांचा आवाजही तोच काढायचा. माय म्हणायची, "चूप बैस रे, पीठ उडते मायं." आणि पाठमोरी हसायची.

सुगतला सिकल होता, म्हणजे रक्ताचा सिकलसेल आजार. आमच्या भागात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दहा घरांत एखादं घर असं असतंच, जिथं एका मुलाचे डोळे जरा पिवळे असतात, जिथं थंडी पडली की सांधे धरून रडणं ऐकू येतं, आणि जिथं माठातलं पाणी नेहमी भरलेलं ठेवतात. आजारानं त्याचं रक्त टिकत नसे, म्हणून त्याला वरचेवर रक्त चढवावं लागे. त्याचा रक्तगट बी निगेटिव्ह. हा गट फार थोड्या लोकांचा असतो. मी कॉलेजात जायला लागले तेव्हापासून रक्त देणाऱ्यांना फोन करायचं काम माझ्याकडं आलं. वहीत नंबर होते. मी यवतमाळच्या बसमध्ये खिडकीशी बसून एकेक नंबर लावायची. "दादा, मी करुणा बोलून राह्यली, सुगतची बहीण. मागच्या बारी तुम्ही आलते..." कोणी लगेच हो म्हणे, कोणी फोन उचलत नसे. मी फोन करताना आवाज बारीक करायची, कारण बसमधले लोक ऐकत असत. आज इतक्या वर्षांनी, केस पांढरे झाल्यावरही, अनोळखी माणसाला फोन लावायचा म्हटलं की माझा आवाज आपोआप तसाच बारीक होतो.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी यवतमाळला राठोड सरांच्या ऑफिसात शिकायला जाऊ लागले. ऑफिस म्हणजे एका औषधाच्या दुकानाच्या वरची लांबट खोली. चार कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, आणि जिन्यावरून वर येणारा औषधांचा वास. सर तांड्यावर वाढलेले, नोकरीसाठी पुण्याला जाऊन परत आलेले. शाळांसाठी आणि जिनिंगवाल्यांसाठी ते लहानलहान प्रोग्रॅम लिहायचे. शिकवताना ते कधी चिडले नाहीत, पण कौतुकही केलं नाही. चहा आला की अर्धा कप माझ्या टेबलावर ठेवून निघून जायचे, तेवढंच.

एक दिवस त्यांनी मला एक गोष्ट दाखवली, ती कळायला मला दोन दिवस लागले. मेथड म्हणजे प्रोग्रॅममधली एक लहान कृती; तोवर मी जेवढ्या मेथड लिहिल्या होत्या त्या सगळ्या काहीतरी उत्तर द्यायच्या. आकडा द्यायच्या, नाव द्यायच्या. सरांनी लिहिलेली मेथड उत्तर म्हणून एक फंक्शनच, म्हणजे पुढं कधीही चालवता येणारी दुसरी कृतीच, देत होती, आणि त्या फंक्शनला नाव नव्हतं.

"हे पाह्य," सर म्हणाले, "ही मेथड काम करत नाही. काम बांधून तुया हातात देते. तू चालवशील तवा ते होईन. आज चालव, नाही तं महिन्यानं चालव."

"पण त्याले नाव काहून नाही?"

"नाव कायले पाह्यजे? ज्याच्या हाती दिलं त्यालेच चालवायचं आहे."

"महिन्यानं चालवलं तं त्याले कसं समजन, कोनासाठी काय करायचं ते?"

"बनवताना त्यात जे भरून दिलं ते त्याच्यासंगंच राह्यते. मेथड संपली तरी ते सोडत नाही." सरांनी चहाचा घोट घेतला. "हे ध्यानात ठेव. हे बरंही आहे आन् वाईटही आहे."

मी फक्त बरं तेवढं ध्यानात ठेवलं. मला त्या क्षणी वहीतले नंबर दिसत होते. पंधरा दिवस खपून मी माझा पहिला खरा प्रोग्रॅम लिहिला. त्यात प्रत्येक रुग्ण हा एक ऑब्जेक्ट होता, म्हणजे स्वतःची माहिती आणि मेथड बाळगणारी एक वस्तू. रुग्णाकडं एक मेथड होती, तिला मी इंग्रजी अक्षरांत 'आठवण' असं नाव दिलं. ती मेथड रुग्णाचं नाव, वय, रक्तगट आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख घ्यायची आणि एक निनावी फंक्शन परत करायची. ती फंक्शनं एका रांगेत उभी राहायची. कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर कधीच बंद व्हायचा नाही, त्याच्यावर सरांनी 'हात लावू नये' असं लिहून चिकटवलं होतं. रोज सकाळी नऊ वाजता तो रांग बघायचा, आणि ज्या फंक्शनची वेळ आली असेल ते चालवायचा. ते चाललं की त्या गटाच्या आणि ज्यांचं मागचं रक्तदान होऊन पुरेसे महिने झालेत अशा सगळ्यांच्या फोनवर मेसेज जायचा, खाली माझं नाव आणि नंबर. रक्तपेढीतल्या कुमरे सिस्टरनं मला आणखी काही मुलांची नावं दिली. त्यांचीही फंक्शनं रांगेत उभी राहिली.

पहिल्यांदा मेसेजवरून माणसं आली त्या दिवशी मी घरी येऊन सुगतला सगळं समजावून सांगितलं. त्यानं नीट ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजे आता तुयाऐवजी कॉम्प्युटर भीक मांगते."

"भीक नाही ते."

"बरं, विनंती." तो भिंतीकडं बघत होता. "पण बरं झालं, ताई. तू बसमंधून फोन कराची तं मले लई लाज वाटे."

त्याला माहीत होतं हे मला माहीत नव्हतं.

दीडेक वर्ष तो प्रोग्रॅम चालला. डॉक्टर पुढच्या तीन तारखा एकदम देत. त्या टाकल्या की मी मोकळी. वहीतल्या त्या लोकांना फोन करणं सुटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांचे आवाजही सुटले.

सुगत गेला ते थंडीत. छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात नेलं, तीन दिवस ऑक्सिजन लावला, चौथ्या दिवशी दुपारी तो गेला. रक्त कमी पडलं असं झालं नाही, मला हे लिहून ठेवायचं आहे. दोन बाटल्या फ्रीजमध्ये तयार होत्या. डॉक्टर बाहेर येऊन बोलले तेव्हा मी त्यांच्या खिशाला लागलेला निळ्या शाईचा डाग बघत होते. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. घरासमोर टाकलेली सतरंजी. बायांचं रडणं. त्रिसरण म्हणणाऱ्या लोकांच्या मागं उभी राहून मीही ओठ हलवत होते. मावशीनं माझे खांदे धरून हलवलं आणि म्हणाली, "रड व पोरी, रडून घे." मी प्रयत्न केला. काही आलं नाही. भूक लागायची नाही, पण वाढलं की जेवायची. चव नव्हती, मीठ कमी आहे की जास्त तेही कळत नव्हतं. बाबांनी मशीनवर कापड झाकून ठेवलं. माय भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, आणि तिचाही मला त्रास होत नव्हता.

सहाव्या दिवशी मी ऑफिसात गेले. राठोड सर म्हणाले, "घरीच राह्यची असती." मी म्हटलं, "घरी काय करू?" मी रुग्णांची यादी उघडली, सुगतची ओळ निवडली आणि काढून टाकली. स्क्रीनवर 'खात्री आहे का' असं विचारणारी चौकट माझीच होती, मीच ती लिहिली होती. मी हो म्हटलं. मग एका शाळेच्या निकालपत्राचं अर्धवट राहिलेलं काम पुढं सुरू केलं.

आणखी आठवडा गेला असेल. मंगळवार होता. मी सकाळच्या बसमध्ये बसले होते आणि फोन वाजला.

"करुणाताई ना? मी सुमन बोलून राह्यली, राळेगाववरून. म्हंजे आता यवतमाळले पोचली मी. तो मुलगा कोनत्या वार्डात आहे?"

"कोनता मुलगा?"

"सुगत. काल मेसेज आलता ना."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. कापसानं भरलेला एक ट्रॅक्टर बसच्या पुढं चालला होता आणि ड्रायव्हर हॉर्न देत होता. मला धक्का बसला असं म्हणता येणार नाही. काय झालं असेल ते मला लगेच कळलं, एखाद्या दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधली चूक कळावी तसं. यादीतून मी रुग्ण काढला होता. पण महिन्यापूर्वी 'आठवण' मेथडनं तीन फंक्शनं बनवून दिली होती, आणि सुगतचं नाव, वय, गट त्यांच्यात भरलेलं होतं. यादीत तो आहे की नाही हे त्यांना कोणी विचारायला सांगितलं नव्हतं. वेळ आली आणि त्यातलं पहिलं चाललं.

"तुम्ही रक्तपेढीतच थांबा," मी म्हटलं. "मी येऊन राह्यली."

दारातच कुमरे सिस्टर भेटल्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तिघं जनं आले आहेत, सुगतचं नाव घेऊन. मी काही सांगतलं नाही. कसं सांगू?" बाकड्यावर एक पांढऱ्या दाढीचे ऑटोवाले बसले होते, शेखभाई, त्यांना मी दोनदा पाहिलं होतं. त्यांच्या शेजारी कॉलेजातले एक तरुण सर, हेल्मेट मांडीवर घेऊन. आणि टोकाला एक बारीक अंगाची, तिशी-पस्तिशीची बाई, पायात स्लीपर, हातात कापडी पिशवी. तीच सुमनताई.

मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं, "सुगत तेरा दिवसांपूर्वी गेला. मेसेज चुकून गेला. प्रोग्रॅम मी लिहिला आहे, चूक माझी आहे. तुम्हाला उगाच यावं लागलं." मी हे शाळेत पाठ म्हणून दाखवावं तसं म्हटलं. माझा आवाज नीट होता.

कॉलेजातल्या सरांनी मान खाली घातली. शेखभाईंनी खिशातून फोन काढला, मेसेज पुन्हा वाचला, आणि फोन परत ठेवला. "गलती कायकी, बेटा," ते म्हणाले. "अब आ गये तो देकेच जाते. किसी को तो लगेगा." मग सिस्टरकडं बघून त्यांनी विचारलं, "है क्या कोई?"

होतं. घाटंजीकडून एक लहान मुलगी आदल्या दिवशी भरती झाली होती, तिचाही गट हाच. तिचं नाव माझ्या यादीत नव्हतं, तिच्यासाठी कोणाला मेसेज गेला नव्हता. सिस्टर हे सांगताना माझ्याकडं बघत नव्हत्या. तिघांच्या बोटांना सुई टोचून तपासणी झाली, आणि एकेक जण आत गेला. मी बाहेर बाकड्यावर बसून राहिले.

सुमनताई सगळ्यांत शेवटी बाहेर आल्या, कोपरावर कापूस दाबून. बिस्किटाचा पुडा त्यांनी न फोडता पिशवीत टाकला आणि माझ्या बाजूला बसल्या.

"मी आज पाचव्यांदा दिलं," त्या म्हणाल्या. "पहिले चारही त्यालेच होते. पण म्या त्याले कधी पाह्यलं नाही. कसा होता व तो?"

मी फोन काढला. फोटो होते, पण बोट त्या जागेवर जाऊन थांबलं. मी म्हटलं, "माझ्यापेक्षा उंच होता. बारीक." त्या वाट बघत होत्या. "त्याला चिवड्यातले शेंगदाणे आवडायचे नाहीत, ते वेचून माझ्या वाटीत टाकायचा. लिफाफ्यावरची तिकिटं जमवायचा. आणि शाळेत त्याला नाटकात काम पाहिजे होतं, पण उभं राहता येणार नाही म्हणून दिलं नाही. तर तो म्हणाला, मले मेलेल्याचं काम द्या." हे सांगितलं आणि मी थांबले. सुमनताई हसल्या, आणि हसताहसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला तेही दुरून बघितल्यासारखं दिसलं.

"घरी येता काय?" मी विचारलं. का विचारलं ते माहीत नाही. बाभुळगाव त्यांच्या वाटेवर नव्हतं, कळंबवरून वळसा घालून जावं लागलं असतं. पण त्या उठल्या.

आम्ही पोचलो तेव्हा बाबा झाकलेल्या मशीनपाशी नुसते बसले होते. माय आत पडून होती. मी पडद्याशी उभं राहून म्हटलं, "माय, ह्या सुमनताई. सुगतले रक्त देत होत्या." माय उठून बसली. केस सोडलेले, डोळे सुजलेले. तिनं सुमनताईंकडं बघितलं, मग त्यांच्या हाताकडं. कोपराच्या आतल्या बाजूला कापूस तसाच चिकटलेला होता.

"आज दिलं?" मायनं विचारलं.

"हो. दुसऱ्या एका पोरीले."

"आन् काही खाल्लं नाही?"

माय खाटेवरून उतरली, चुलीपाशी गेली आणि पीठ मळायला बसली. तेरा दिवसांत ती पहिल्यांदा चुलीजवळ गेली होती. शेजारच्यांनी दिलेल्या तुरीच्या हिरव्या शेंगा टोपलीत पडून होत्या, त्या बाबांनी सोलून दिल्या. सोल्याची भाजी आणि ज्वारीची भाकर झाली. माय सुमनताईंसमोर बसली. त्या नको म्हणाल्या तरी तिसरी भाकर तिनं त्यांच्या ताटात टाकली. "घ्या बाई. रक्त गेलं तुमचं आज." मग तिनं हात पुढं करून त्या कापसाच्या बाजूला दोन बोटं टेकवली. "इथूनच काढतेत काय? दरवेळी इथूनच?" सुमनताईंनी मान हलवली. मायनं बोटं काढली नाहीत. सुमनताई एका हातानं जेवत राहिल्या आणि दुसरा हात त्यांनी तसाच मायपाशी राहू दिला. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. त्या दिवशीची भाजी अळणी होती. मायनं मीठ टाकलंच नव्हतं, हे मी नंतर जेवायला बसले तेव्हा मला पहिल्या घासाला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी राठोड सरांना सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली, माझा प्रोग्रॅम वरून खाली वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं तू त्याचं नाव आन् गट काढून फंक्शनात भरला. मंग यादीत काय झालं ते त्याले कसं समजन? नुसता त्याचा यादीतला नंबर भरून दे. चालवायच्या वेळी त्यानं यादीले विचारावं, हा मानूस आहे का? नसन तं गप राह्यचं."

"रांगेत अजून दोन आहेत," मी म्हटलं. "सुगतचे. पुढच्या तारखांचे."

"कोनते ते दिसते काय?"

"नाही. नाव नाही ना त्याईले. सारखेच दिसतात सगळे."

"मंग पूर्ण रांग टाकून द्यावी लागन, कॉम्प्युटर बंद केला की पुसते ती. बाकीच्याईची नवीन बनव. पहिले नवी मेथड तपासून घे. कोनतंही नाव टाक. राम टाक, नाही तं शाम."

मी सुगत टाकलं. वेगळ्या खिडकीत एक रुग्ण बनवला, वय पंधरा, गट बी निगेटिव्ह. त्याच्या मेथडकडून फंक्शन घेतलं. मग यादीतून रुग्ण काढला, आणि फंक्शन चालवलं. स्क्रीनवर काही आलं नाही. खालच्या ओळीत कर्सर लुकलुकत राहिला. काही न येणं हेच बरोबर उत्तर होतं. मी पुन्हा चालवलं. पुन्हा काही नाही. रुग्ण परत यादीत टाकून चालवलं तर मेसेज आला, पूर्ण, नाव-वयासकट. काढून चालवलं, काही नाही. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं असं दोन-तीनदा तपासतात. मी किती वेळा तपासलं ते सांगता येणार नाही. सर बाजूलाच बसून होते.

"चालते ना?" शेवटी त्यांनी विचारलं.

"चालते."

"मंग?"

मी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडं बघितलं. "सर, तो तुम्ही बंद करा."

ते उठले, चिकटवलेल्या कागदाच्या खाली हात घालून त्यांनी बटन दाबलं. दीड वर्षानं त्याचा पंखा थांबला. त्यांनी मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं असावं, मग पुन्हा सुरू केला. आणि एकेक नाव टाकायला मला सांगून ते खाली चहा आणायला गेले.

मला आधी घाटंजीच्या मुलीचं नाव टाकायचं होतं, पण ते मी विचारलंच नव्हतं. मी कुमरे सिस्टरना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मी वार्डातच आहो. थांब, तिच्या मायलेच देते." फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला. मागं एक मूल काहीतरी मागत होतं.

"हालो," पलीकडची बाई अगदी बारीक आवाजात म्हणाली. "कोन बोलते?"

मी कर्सर नावाच्या रकान्यात नेला. तिनं पुन्हा विचारलं.

"मी करुणा," मी म्हटलं. "सुगतची बहीण."